‘टँक’ शब्दाचे कूळ आणि मूळ

(भंडारा जिल्ह्यातील एका विहारात उपासक-उपासिका व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी एकच शब्द घेतला आहे, आणि तोही इंग्रजी. तो शब्द ‘टँक’. विहारात बसून इंग्रजी शब्दाची चिकित्सा कशासाठी करावयाची, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे कारण प्रथमच सांगून टाकतो. हा शब्द भारताच्या संविधानात आहे. महाडच्या खटल्याच्या कागदपत्रांत तो पानोपानी आहे. आपल्या लोकांच्या संरक्षणासाठी १९५५ साली झालेल्या कायद्यात तो आहे, आणि २०१३ साली संसदेने केलेल्या आणखी एका कायद्यातही आहे. मात्र पहिल्या तीन ठिकाणी त्याचा जो अर्थ आहे तो चौथ्या ठिकाणी नाही. ज्या शब्दावर माणसाचा हक्क, आणि एका ठिकाणी तर माणसाचा जीव, अवलंबून आहे, त्याचा अर्थ केवळ वकिलावर आणि कचेरीतील बाबूवर सोपवून आपण स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय आपण बसलो आहोत भंडारा जिल्ह्यात. तलावांचा जिल्हा म्हणूनच ज्याची ख्याती, तेथे ‘टँक’ शब्दाची चौकशी करावयाची नाही तर कोठे करावयाची?

शाळेतील मुलाने इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला तर त्यास ‘टँक’ या शब्दापुढे तीन-चार अर्थ दिसतील. पाण्याची टाकी, हौद, तलाव, रणगाडा. मुलास वाटेल, हे चार निरनिराळे शब्द चुकून एका ओळीत छापले गेले. तलाव आणि रणगाडा यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मोठा मौजेचा आहे. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असता, इंग्लंडातील लिंकन शहरी विल्यम फॉस्टर यांच्या कारखान्यात पोलादी पत्र्याचे एक अवजड यंत्र गुप्तपणे तयार होत होते. खंदकांवरून आणि काटेरी तारांवरून चालत जाऊन शत्रूवर गोळ्या झाडणारे ते वाहन होते. कारखान्यातील कामगारांस खरे सांगावयाचे नव्हते. तेव्हा मेसोपोटेमियातील सैन्यासाठी पाणी वाहण्याच्या टाक्या बनत आहेत, अशी आवई उठविण्यात आली. मेसोपोटेमियात त्या वेळी हिंदी पलटणी लढत होत्या आणि तो मुलूख तहानेचा, त्यामुळे ही थाप कोणासही पटण्यासारखी होती. पुढे १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर ही यंत्रे प्रथम उतरली. यंत्र उघडे झाले, परंतु थापेसाठी घेतलेले नाव त्यास कायमचे चिकटले. आज अर्ध्या जगात रणगाड्यास ‘टँक’ म्हणतात, ते एका खोट्या बातमीमुळे.

अमेरिकेत पोहण्याच्या हौदास ‘टँक’ म्हणत, म्हणून त्यात पोहताना घालावयाच्या बिनबाह्यांच्या पोशाखावरून ‘टँक टॉप’ हे कपड्याचे नाव आले. दारू पिऊन रस्त्यावर पडलेल्यांस डांबण्याच्या कोठडीसही तेथे टँकच म्हणतात. ‘थिंक टँक’ म्हणजे प्रथम विनोदाने माणसाचे डोके. पुढे सरकारांस सल्ला देणाऱ्या विद्वानांच्या संस्थांस ते नाव मिळाले. खेळात कोणी मुद्दाम हरला तर त्यासाठीही हाच शब्द क्रियापद म्हणून वापरतात. आपल्या खेड्यात उन्हाळ्यात पाणी घेऊन येणारा टँकर याच शब्दाचा मुलगा. हे सारे अर्थ पाठ करण्याची आवश्यकता नाही. ध्यानात एवढेच घ्यावयाचे की, शब्द एकच असला तरी त्याच्या मागेपुढे कोण उभे आहे त्यावरून त्याचा अर्थ ठरतो.

आता त्याच्या मुळाकडे जाऊ. येथे विद्वानांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, हा शब्द आपल्याकडचा. गुजरातीत ‘टांकुं’ आणि मराठीत ‘टांके’ किंवा ‘टाके’ म्हणजे पाणी साठविण्याचा हौद. किल्ल्यांवर खडकात खोदलेली टाकी आपण पाहतो. राजस्थानात घराच्या अंगणात पावसाचे पाणी धरण्यासाठी जमिनीखाली बांधतात त्यासही ‘टांका’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेस वखार घालून बसलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या कानी हा शब्द पडला आणि त्यांनी तो उचलला. दुसरा पक्ष म्हणतो, शब्द पोर्तुगीज. पोर्तुगीजांत ‘तांक’ म्हणजे तळे अथवा हौद, आणि तो ‘अडविणे, थोपविणे’ या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदापासून आला. वाहते पाणी जेथे अडवून धरले ती जागा म्हणजे तांक. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. इंग्रज येण्यापूर्वी शंभर वर्षे ते आपल्या किनाऱ्यावर होते, आणि युरोपियनांची या देशातील पहिली बाजारभाषा पोर्तुगीजच होती. १८८६ साली युल आणि बर्नेल या दोघा इंग्रजांनी हिंदुस्थानात रुळलेल्या अशा शब्दांचा एक जाडजूड कोश प्रसिद्ध केला, त्यातही या शब्दाच्या मुळाचा खल आहे. आज सामान्यतः असे मानतात की, दोन निरनिराळ्या प्रवाहांतून आलेले दोन सारखे शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांत मिसळले आणि इंग्रजाने जो उचलला तो हा मिश्र शब्द.

मराठी ‘टाके’ या शब्दाचे मूळ तरी एकमुखाने ठरले आहे काय? तेही नाही. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी. तिलाच आपण टाकी म्हणतो, आणि टाकीचे घाव ही म्हण तिच्यावरूनच आली. छिन्नीने खडक फोडून केले ते टाके, अशी एक उपपत्ती. तलावास संस्कृतात तडाग, तटाक असे शब्द आहेत आणि पालीत तळाक. टाके त्यांच्याच गोतातले, अशी दुसरी. नाण्यावर ठसा मारतात म्हणून टंकसाळ, यंत्राने कागदावर अक्षरे उमटवितात म्हणून टंकलेखन, हे शब्द छिन्नीच्या घराण्यातले खरे. परंतु शिवणीचा टाका आणि पाण्याचे टाके यांचा उच्चार सारखा म्हणून त्यांस सख्खे भाऊ ठरविण्याची घाई कोणी करू नये. उच्चार जुळला की नाते जुळविणे हा आपल्याकडील पंडितांचा जुना छंद आहे, आणि त्या छंदातून किती खोट्या वंशावळी जन्मास आल्या हे आपणास सांगावयास नको.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी एक म्हण या देशात प्रचलित आहे. ऋषीला ही सवलत होती. आपल्या बापजाद्यांस मात्र पाण्याजवळ जाताच प्रथम कूळ विचारले जाई. म्हणीत ऋषीचा उल्लेख का आहे आणि पाणक्याचा का नाही, हे त्यावरून कळते. शब्दांच्या बाबतीत मात्र मूळ शोधण्यास कोणतीच हरकत नाही, कारण शोध घेतला की शुद्ध कुळाचा शब्द बहुधा सापडतच नाही. टँक हा शब्द गुजराती म्हणावा तर पोर्तुगीज पुढे येतो. पोर्तुगीज म्हणावा तर राजस्थानचा टांका साक्षीस उभा राहतो. आणि या मिश्र जन्माने त्याचे काय बिघडले? जगभर त्याचे चलन आहे. सुत्तनिपातातील वसलसुत्तात भगवंतांनी माणसाविषयी जे सांगितले, की तो जन्माने हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, ते शब्दासही लावून पाहण्यासारखे आहे. शब्द कोणाच्या पोटी जन्मला यापेक्षा तो काय काम करतो हे पाहावे.

शब्दांविषयी भगवंतांचा एक स्वतंत्र उपदेशही आहे. मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात तो येतो. एकाच भांड्यास निरनिराळ्या जनपदांतील लोक निरनिराळी नावे देतात. कोणी पाती म्हणतो, कोणी पत्त, कोणी सराव, कोणी पोण. आपल्या प्रदेशातील नावच तेवढे खरे आणि इतरांचे खोटे, असा हट्ट धरू नये, तसेच लोकांत रूढ असलेल्या वापरास डावलूनही जाऊ नये, असे तेथे सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी एका भांड्याच्या नावावरून हा विवेक शिकविला गेला. आज आपल्यापुढे भांडेच आहे, फक्त आकाराने मोठे. कोणी त्यास तळे म्हणतो, कोणी तलाव, कोणी बोडी, कोणी बांध. कायदा त्यास टँक म्हणतो.

बौद्धांचा या वस्तूशी संबंध पुस्तकापुरता नाही, हेही येथेच सांगतो. कान्हेरीस किंवा जुन्नरच्या लेण्यांत जो गेला असेल त्याने विहारांच्या शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली असतील. तेथील ब्राह्मी लेखांत त्यांस ‘पोढी’ किंवा ‘पानियपोढी’ म्हटले आहे आणि ती कोणी दान दिली त्या उपासक-उपासिकांची नावे कोरली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचे टाके खोदवून देणे हे संघाला द्यावयाचे मोठे दान होते. आपल्या जिल्ह्यात पवनीस १९६९-७० साली उत्खनन होऊन जुना स्तूप उजेडात आला, ब्राह्मी लेख असलेले शिल्पखंड मिळाले. म्हणजे या वैनगंगेच्या काठीही त्या काळी दान देणारे उपासक होते. ‘पोढी’ हा शब्द आज आपल्या तोंडी राहिला नाही. तो लेण्यांच्या अभ्यासकांपुरता उरला आहे, याचे मला वाईट वाटते.

आता आपल्या तलावांकडे येऊ. इंग्रज अमदानीत भंडारा हा मध्य प्रांतातील जिल्हा होता आणि येथील धानाची शेती तलावांच्या पाण्यावर चाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष होते. रसेल याने १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातही तलाव बांधणारे लोक म्हणूनच त्यांची नोंद आहे. नवेगावचा प्रसिद्ध बांध त्यांच्याच कर्तबगारीचे उदाहरण म्हणून सांगतात. तो आज गोंदिया जिल्ह्यात मोडतो, कारण १ मे १९९९ रोजी तो जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. कोहळ्यांचे कौशल्य मान्य करण्यात आपण कृपणता दाखवू नये. तथापि पाळ घालावयाची म्हणजे हजारो टोपल्या माती डोक्यावरून वाहावयाची, आणि त्या टोपल्यांखालील माणसांची नावे पाळीवर कोणी कोरली नाहीत. लेण्यातील पोढीवर दात्याचे नाव आहे. तलावास नाव राहिले ते मालगुजाराचे.

मालगुजार हा फारसी शब्द; सरकारास सारा भरणारा तो मालगुजार. गाव त्याच्या मालकीचे, म्हणून तलावही त्याच्या मालकीचा. मध्यप्रदेश शासनाने १९५० साली कायदा करून ही मालकी नष्ट केली आणि ३१ मार्च १९५१ पासून त्याची अंमलबजावणी झाली. भंडारा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. (त्याच काळात, १९५४ साली, बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. त्या वेळी त्यांचा पराभव झाला. वडीलधाऱ्यांनी ती हकीकत आपल्या नातवंडांस सांगावी.) बहुतेक मोठे तलाव शासनाकडे आले, काही, विशेषतः मालगुजाराच्या स्वतःच्या वहिवाटीतील जमिनीवर होते ते, त्याच्याकडेच राहिले. सरकारी कागदांत या तलावांस ‘माजी मालगुजारी तलाव’ असे म्हणतात, आणि कारकुनाने आखूड करून लिहिले ‘मा. मा. तलाव’. त्यावरून लोक आता सरसहा ‘मामा तलाव’ म्हणू लागले. शंभर वर्षांनी एखादा पंडित उठेल आणि हे तलाव कोणाच्या मामाने बांधले याची पुराणकथा रचील! शब्दांच्या वंशावळी कशा तयार होतात याचे याहून ताजे उदाहरण मजपाशी नाही.

इंग्रजी भाषेतील ‘टँक’ या शब्दाचा तलाव हा अर्थ मुख्यत्वे या देशापुरता आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. इंग्लंडातील मुलास ‘टँक’ म्हटले की पत्र्याची पेटी आठवते. तेथील तळ्यास वेगळे शब्द आहेत. भारतात मात्र इंग्रजांनी नैसर्गिक तळे, बांधीव तलाव, दगडी पायऱ्यांचे कुंड या साऱ्यांस एकच नाव लावले. मुंबईत गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी. कलकत्त्यात टँक स्क्वेअर. हैदराबादेत टँक बंड. मुंबईतील कित्येक तळी बुजली, त्यांवर रस्ते आणि मैदाने झाली, नावे तेवढी उरली. गोवालिया टँक मैदानावर १९४२ च्या ऑगस्टात ‘छोडो भारत’चा पुकारा झाला, तेव्हा तेथे टँक कोठे होता?

आणि याच अर्थाने महाडच्या तळ्याचे नाव इंग्रजी कागदांत ‘चवदार टँक’ असे पडले.

महाडची हकीकत आपणास ठाऊक आहे, म्हणून मी ती केवळ शब्दाच्या अंगाने सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कोठे ते प्रत्यक्षात खुले होऊ लागले. त्यानंतर स्पृश्यांनी परतणाऱ्या लोकांस मारहाण केली, तळ्याची शुद्धी केली, आणि पुढे डिसेंबरात दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला.

तो दावा कशावर उभा होता? एका बाजूने वादी म्हणत होते की, हे तळे सार्वजनिक नव्हे. दुसऱ्या बाजूने म्हणत होते की, ते वापरण्याचा हक्क पुरातन वहिवाटीने केवळ स्पृश्यांचा आहे. म्हणजे खटल्याचा सारा भार ‘टँक’ म्हणजे काय, कोणाचे आणि केव्हापासूनचे, या प्रश्नांवर येऊन पडला. ते माणसाने बांधले की निसर्गाने केले? त्याच्या कडेची जमीन कोणाची? नगरपालिकेचा त्यावर ताबा आहे काय? खटला जवळजवळ दहा वर्षे एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात फिरला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील ठरलेच होते. कायद्यास हवी तशी अनादि काळापासूनची वहिवाट वाद्यांस सिद्ध करता आली नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी सांगितले आणि अपील फेटाळले. येथे विचार करण्यासारखे आहे की, ज्यांनी धर्माच्या नावाने पाणी अडविले त्यांस न्यायालयात धर्म पुढे करता आला नाही. तेथे त्यांस मालकीचा आणि वहिवाटीचा पुरावा द्यावा लागला, आणि तो त्यांच्यापाशी नव्हता.

महाडनंतर तेवीस वर्षांनी भारताचे संविधान अंमलात आले. त्याच्या अनुच्छेद १५ चा दुसरा खंड उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ कोणत्याही कारणावरून कोणाही नागरिकास काही ठिकाणांच्या वापरास मनाई करता येणार नाही, असे त्यात आहे. आणि त्या ठिकाणांत विहिरींच्या पाठोपाठ, स्नानघाटांच्या आधी, ‘टँक’ हा शब्द आहे. अट अशी की, ते ठिकाण पूर्णतः किंवा अंशतः शासनाच्या पैशाने राखलेले असावे अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगास दिलेले असावे. संविधानाच्या मराठी पाठात तेथे ‘तलाव’ आहे आणि ते भाषांतर योग्य आहे. तेथे ‘टाकी’ असा शब्द योजला असता तर गावच्या तलावावरचा हक्क सांगताना शब्दाच्या खोड्या काढणारे निघाले असते.

या खंडातील पहिलाच शब्द ‘धर्म’ आहे, याकडे धर्मांतरित कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. तुम्ही आता बौद्ध झालात, तुमचा आमच्या गावच्या देवाशी संबंध नाही, मग देवाच्या तलावाशी तरी कशाला, असे बोलणारे भेटले तर त्यांस हा खंड दाखवावा. तलाव शासनाच्या पैशाने राखला जात असेल तर धर्म बदलला म्हणून हक्क तिळमात्र कमी होत नाही.

१९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यास १९७६ साली ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. त्याच्या कलम ४ मध्ये पाण्याची यादी संविधानाहून लांब आहे. नदी, ओढा, झरा, विहीर, टँक, हौद, नळ, आणि आणखी कोणतेही पाणवठे. ही यादी करणाराने खेडे पाहिलेले असले पाहिजे. तलाव मोकळा करून नळ अडविण्याची युक्ती आपल्या शेजाऱ्यांस सुचणार हे त्याने ओळखले होते. अस्पृश्यतेच्या कारणावरून यांपैकी कशाच्याही वापरास अडथळा करणारास किमान एक महिना आणि कमाल सहा महिने कैद, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. १९९० साली झालेल्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्यांसही अनुसूचित जातीचे मानता येते, म्हणून हे गृहीतक त्यांच्याही उपयोगाचे आहे. दंडाची रक्कम मात्र शंभर ते पाचशे रुपये इतकी क्षुल्लक आहे की, ती वाचून हसू येते. पाणी दूषित करण्याविरुद्ध कडक तरतूद हवी असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पाहावा.

आता ज्या अर्थाविषयी बोलताना मन खिन्न होते त्याकडे वळतो. ‘सेप्टिक टँक’ हा शब्द आज प्रत्येक गावात पोहोचला आहे. घराघरात शौचालये झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण शौचालयाखाली जी बंद टाकी असते ती भरली की उपसण्यासाठी कोणास बोलावितात? ज्या लोकांस पाण्याच्या टँकपासून हजार वर्षे दूर ठेवले, त्यांच्याच मुलांस या टँकमध्ये उतरण्यास सांगतात. आत साचलेला विषारी वायू दिसत नाही, कित्येकदा त्याचा वासही कळत नाही. पहिला माणूस कोसळतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. वर्तमानपत्रात बातमी येते ती ‘अपघात’ म्हणून. या शब्दावर माझा आक्षेप आहे. ज्याची पूर्वकल्पना सर्वांस आहे, ज्यास कायद्याने मनाई आहे, त्यास अपघात म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

कायद्याची मनाई अशी. २०१३ साली संसदेने हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. त्याच्या कलम ७ प्रमाणे कोणाही व्यक्तीने, स्थानिक संस्थेने वा एजन्सीने गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक साफसफाईसाठी कोणास कामास लावू नये. संरक्षक साधने न देता माणसास आत उतरविणे हीच ती धोकादायक साफसफाई. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, १९९३ पासून अशा कामात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने भरपाईची रक्कम तीस लाख केली. ठेकेदार दारात येऊन पाच-पन्नास हजार देतो आणि कागदावर अंगठा घेतो. त्या वेळी हा आकडा घरातील कोणास तरी पाठ असला पाहिजे. आपल्या वस्तीतील तरुणाने पैशासाठी या टाकीत उतरू नये, आणि आपल्याही घरची टाकी यंत्राने उपसणाराकडूनच उपसून घ्यावी. दुसऱ्याने उतरावे आणि आपण वर उभे राहावे, हे बौद्धाच्या घरी घडता कामा नये.

अखेर गावच्या तलावासंबंधी एक व्यवहाराची गोष्ट. विदर्भात ‘निस्तार’ म्हणून एक शब्द आहे. पाणी, चराई, सरपण, माती, स्मशान इत्यादींचा जो उपयोग गावकऱ्यांस हक्काने करता येतो तो निस्तार. ज्या गावजमिनी शासनाच्या आहेत त्यांविषयीच्या हक्कांची नोंद निस्तारपत्रकात असते. जे तलाव खाजगी राहिले, त्यांतून पाणी घेण्याचे वा मासे धरण्याचे जे रिवाज चालत आले, ते ‘वाजिब-उल-अर्ज’ या दुसऱ्या कागदात नोंदले जातात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत या दोन्ही कागदांची तरतूद कायम आहे. जुनी निस्तारपत्रके वाचताना एक दक्षता घ्यावी. गुरांस पाणी पाजण्याची जागा, धुण्याची जागा, मुडदे पुरण्याची जागा अशा नोंदींत जुन्या काळी जातवार विभागणी लिहिलेली आढळली तर घाबरून जाऊ नये आणि संतापून कागद फाडूही नये. संविधानाशी जे विसंगत ते अनुच्छेद १३ प्रमाणे तेवढ्या मर्यादेपर्यंत शून्य आहे. बाकीची नोंद आपल्या हक्काचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. महाडच्या वाद्यांपाशी पुरावा नव्हता. आपल्यापाशी तो असावा.

तेव्हा पुढील सभेस येताना प्रत्येक गावच्या मंडळींनी पुढील माहिती लिहून आणावी. गावातील तलाव आणि बोड्या किती. त्यांची नावे काय. कोणता जिल्हा परिषदेकडे, कोणता पाटबंधारे खात्याकडे, कोणता खाजगी. मासेमारीचा ठेका कोणाकडे. आपल्या वस्तीतील बायाबापड्या कोणत्या घाटावर धुणे धुतात, आणि त्या घाटाच्या जागेवरून कधी कोणी हटकले काय. तलाठ्याकडून निस्तारपत्रकाची नक्कल मिळाली तर ती सोबत असावी. जे विद्यार्थी इंग्रजी शिकतात त्यांनी संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा इंग्रजी आणि मराठी पाठ समोरासमोर दोन रकान्यांत उतरून आणावा.